उजव्या हाताला कोंड्याचं तेल

माझी नणंद साबणाला जीभ लावते. लहान मूल चुकून लावतं तशी नव्हे. चांगली ठरवून, वडीच्या कडेला जिभेचं टोक टेकवते, डोळे मिटते आणि मनात तीन मोजते. जिभेला झिणझिण्या आल्या तर आतला कॉस्टिक सोडा अजून जिवंत आहे असं समजायचं आणि वडी परत फळीवर ठेवायची. नुसतीच साबणाची घाण चव आली तर वडी वापरायला तयार. दारात कोणी उभं असलं तरी तीन मोजून झाल्याशिवाय ती त्याला "या" म्हणत नाही. एकदा विम्याचा एजंट हे दृश्य बघून उंबऱ्यावरूनच परत गेला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. साबणाचा एवढा एक फायदा मी पहिल्यापासून मान्य करत आले आहे.

आमचे हे गेले तेव्हा ती एक बॅग घेऊन सांत्वनाला आली. त्याला अकरा वर्षं झाली. सांत्वन अजून चालूच आहे. माझी मुलं तिला आत्या म्हणतात, म्हणून सगळी इमारत आत्या म्हणते, दूधवाला आणि लिफ्टवालासुद्धा. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नवऱ्याची बहीण म्हणून मी तिला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. ती मला वहिनी म्हणते आणि अगंतुगं करते. लग्न झाल्यापासून या व्यवहारात मी तोट्यात आहे. लिहिताना मात्र मी तिला एकेरीतच लिहिते. कागद काही उठून तिला सांगायला जात नाही.

तिने लग्न केलं नाही. "एवढ्या चादरी धुतल्यावर कोण करेल?" असं ती म्हणते. चौतीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात होती. लागली तेव्हा चादरी मोजणारी, निवृत्त झाली तेव्हा तिथली प्रमुख. नुसत्या डागावरून ती वॉर्ड ओळखायची, आणि आमच्याकडे आली की जेवायला बसल्यावर ते वर्णन करून सांगायची. आमचे हे ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवायचे. बहिणीला गप्प बस म्हणायची त्यांची हिंमत नव्हती आणि ते माझं काम नव्हतं.

या चौतीस वर्षांनी तिला पेन्शन दिली आणि हातांची चामडी नेली. उकळतं पाणी, ब्लीच, आणि हात धुवायला धुलाईघरातली ती साबणाची पिवळी कांडी, जिने जमिनीवरचं डांबरही निघतं. बोटांच्या पेरांवर भेगा, तळव्यांना सालं. पेन्शनच्या कचेरीत अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा यंत्राने तिला चार वेळा नाकारलं. कारकून म्हणाला, "बाई, यात तुम्ही नाही." ती म्हणाली, "मग इथे उभं राहून तुझ्याशी भांडतंय कोण?"

मग माझ्या मुलीने तिला वाढदिवसाला एक साबण दिला. नुसत्या ऑलिव्ह तेलाचा, साधा, फिकट हिरवट, वासही नाही आणि फेसही नाही. आत्याने महिनाभर तोंड वाकडं करून तो वापरला, आणि महिन्याने तिच्या भेगा मिटल्या. तिने कचऱ्याच्या डब्यातून वेष्टन शोधून काढलं, ते भिंगाखाली धरलं आणि ओरडली, "वहिनी, यात तेल, पाणी आणि कॉस्टिक एवढंच आहे! मग एवढे पैसे कशाचे? कागदाचे?"

दुसऱ्या दिवशी तिने साबण करायला घेतला, तो माझ्या आईच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचं विळ्याभोपळ्याचं नातं आहे हे त्या दिवशी आम्हा दोघींनाही कळलं. पातेलं फुसफुसलं, काळं पडलं, आणि त्याचा तळ चाळणीसारखा झाला. सगळ्या खिडक्या उघडून आम्ही जिन्यात जाऊन उभ्या राहिलो. "भांडं जुनंच होतं तुझं," आत्या म्हणाली.

पुढे स्टीलचं पातेलं आलं, रबरी हातमोजे आले, डोळ्यांवर चढवायचा प्लॅस्टिकचा चष्मा आला. कॉस्टिक मोजायला तिने एक काचेची बरणी ठरवली. तिच्यावर नेलपॉलिशने लाल रेघ मारली. एवढं तेल, रेघेपर्यंत कॉस्टिक. वजनकाटा घ्या म्हटलं तर म्हणाली, "चौतीस वर्षं मशिनांत पावडर मापाने टाकली. एकही चादर मेली नाही."

साबण जमायला लागल्यावर ती धुलाईघरातल्या बायकांकडे वड्या नेऊ लागली. तिथे अजून अकरा जणी होत्या, सगळ्या तिच्या हाताखालच्या. तेलाच्या खर्चाएवढेच पैसे ती घ्यायची, पण वडीबरोबर भाषण फुकट द्यायची. खोबरेलाचा साबण म्हणजे सोलपट, पाम तेलाचा म्हणजे मेणबत्ती, बाकीच्या तेलांची तर नावंच काढायची नाहीत. भाषणाचा शेवट ठरलेला असायचा: "ऑलिव्ह सोडून बाकी सगळं कुत्र्याला धुवायला." सात वर्षं हे भाषण अकरा बायकांनी ऐकलं आणि त्यांना ते पाठ झालं. इथेच पुढच्या सगळ्याचं मूळ आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघी किराणा दुकानात गेलो तर ऑलिव्ह तेलाचा डबा नेहमीच्या जागी नव्हता. किराणावाल्याने तो काउंटरमागच्या कपाटात, काचेआड, अत्तरांच्या शेजारी ठेवला होता. कपाटाला कुलूप.

"डबा काढ," आत्या म्हणाली.

"आधी भाव ऐका, आत्या. मग खुर्ची देतो."

त्याने भाव सांगितला. आदल्या खेपेच्या दुप्पट. आत्याने खुर्ची घेतली नाही, पण काउंटर धरला.

"का रे? झाडं संपली का?"

"तिकडे पीक बुडालंय म्हणतात. मला काय माहीत? मी काय शेजारी राहतो त्या झाडांच्या? साबणच करायचाय ना तुम्हाला? सूर्यफूल न्या, शेंगदाणा न्या, हे बघा तांदळाच्या कोंड्याचं तेल आलंय, निम्म्याहून निम्म्या भावात."

"कोंड्याचं? गिरणीतल्या की तुझ्या डोक्यातल्या?"

किराणावाला टकला आहे. तो म्हणाला, "माझ्या डोक्यातला परवडला नसता, आत्या. त्याचं पीक तर केव्हाच बुडालं."

रिकाम्या पिशव्या घेऊन आम्ही घरी आलो. जुन्या तेलाच्या वड्या एप्रिलपर्यंत पुरल्या. तीन वड्या आत्याने स्वतःच्या हातांसाठी बाजूला ठेवल्या. भाव दुप्पट केला तर अकरा जणींपैकी एकही घेणार नव्हती, आणि घेतला असता तर मीच त्यांना वेड्यात काढलं असतं. एप्रिलच्या शेवटी त्या सगळ्या पिवळ्या कांडीवर परत गेल्या.

दुसरं तेल शोधणं मार्चपासूनच चालू होतं, आणि तेही कोणाला कळू न देता. आत्याचा पहिला प्रयोग तर चक्क फुकटातला होता. इस्पितळाच्या कँटीनच्या आचाऱ्याकडून तिने तळणीचं वापरलेलं तेल आणलं. फडक्यातून तीनदा गाळलं, मिठाच्या पाण्यात उकळलं, बरणी भरून कॉस्टिक घातलं. साबण झाला. चांगला टणक, बदामी रंगाचा. फक्त त्याला तळलेल्या माशाचा वास होता. आत्या म्हणाली, वाळल्यावर जाईल. वाळल्यावर वास पिकला. त्या साबणाने हात धुऊन मी गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले, तर शेजारच्यांची मांजर येऊन माझ्या मांडीवर बसली आणि माझी बोटं चाटायला लागली. ही मांजर एरवी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. "बघ, कोणाला तरी आवडला," आत्या म्हणाली. त्या वड्या आचाऱ्यालाच परत दिल्या. तो त्याने कढया घासतो म्हणे, आणि तिथे वासाबद्दल कोणाची तक्रार नाही.

मग नुसतं खोबरेल. तेही तिने लाल रेघेच्याच मापाने केलं. लोण्यासारखं काहीतरी तयार झालं, हातात धरलं की निसटायचं आणि तेलाचे ओघळ सोडायचं. तेव्हा मी तिला औषधांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या फार्मासिस्टकडे नेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, सगळ्या पेशंटना तुम्ही एकाच मापाचा डोस देता का?" प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी, खोबरेलाची सगळ्यांत दांडगी, असं सांगून त्याने एका पाकिटाच्या पाठीवर तक्ता लिहून दिला. त्या दिवशी घरात वजनकाटा आला. बरणीत मी आता बटणं ठेवते.

काट्यावर मोजून केलेला खोबरेलाचा साबण विटेसारखा कडक झाला आणि फेस तर असा की मोरी दिसेना. पण दोनदा हात धुतले की कातडी ढोलाच्या पानासारखी ताणली जायची. सूर्यफुलाचा दिसायला फार गोड झाला, पण पाचव्या आठवड्यात त्याच्यावर नारिंगी ठिपके उठले आणि त्याला जुन्या शेंगदाण्यांच्या डब्यासारखा खवट वास आला. मी म्हटलं, "वन्सं, याला गोवर आलाय." ती दोन तास माझ्याशी बोलली नाही. मला जरा विश्रांती मिळाली.

शेवटी जूनच्या सुरुवातीला तिने किराणावाल्याचं कोंड्याचं तेल आणलं. स्वतः गेली नाही, मला पाठवलं. सहा भाग ते, कडकपणासाठी तीन भाग खोबरेल, आणि फेस धरून राहावा म्हणून एक भाग एरंडेल. तक्त्याप्रमाणे तिन्हींची भूक मी काढली, गुणाकार केला, आणि कॉस्टिक जरासं हात आखडूनच घातलं, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि कातडीला लागतं. मिश्रण दाट झालं, साच्यात गेलं, चार आठवडे फळीवर वाळलं. आत्याने जीभ लावली, तीन मोजले. मग पुन्हा तीन मोजले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. चांगला झालाय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा पडला की जणू कोणी तिचा खिसा कापला आहे.

ऑलिव्हशिवाय चांगला होतो हे तिला पटेना. म्हणून तिने एक परीक्षा ठरवली, आणि अशी परीक्षा फक्त तीच ठरवू शकते. महिनाभर डावा हात जपून ठेवलेल्या ऑलिव्हने धुवायचा आणि उजवा कोंड्याच्या साबणाने. एक हात दुसऱ्याच्या मदतीशिवाय कसा धुवायचा? तर डाव्या हातात रबरी मोजा घालून उजवा धुवायचा, तो पुसायचा, मोजा उजव्यात घालायचा, मग डावा. मध्येच गल्लत व्हायची. मोजा दातांनी ओढताना ती मोरीत उभी राहून शिव्या द्यायची. दिवसातून आठ वेळा हा तमाशा. बाहेर जाताना ती खिशात मोजा घेऊनच निघायची. बँकेच्या स्वच्छतागृहात तिला मोजा चढवताना बघून पहारेकरी मागे मागे आला होता. मी सतरा वर्षांची असल्यापासून रोज डायरी लिहिते, तेव्हा दोन्ही हातांची नोंद ठेवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. रोज सकाळी चहाच्या आधी ती माझ्यासमोर पंजे पसरायची आणि मी लिहायचे.

या महिन्यातच शिडीची गोष्ट कळली.

शिडी म्हणजे धुलाईघरातली सगळ्यांत उंच बाई. वरच्या फळीवरच्या चादरी स्टूल न घेता काढते म्हणून आत्यानेच तिला हे नाव दिलं. वय पंचेचाळीस, नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही, दोन मुलं कॉलेजात, घर बहुतेक तिच्याच पगारावर चाललेलं. आणि ती कंत्राटावरची. तिचे हात आधीपासूनच सगळ्यांत वाईट, त्यात एप्रिलपासून पिवळी कांडी. वीस जुलैला नव्या मेट्रनने नोटीस लावली: हातावर उघडी भेग असलेल्या कोणीही धुतलेल्या चादरींना हात लावायचा नाही, रोग्यांना जंतुसंसर्ग होतो. पंधरा सप्टेंबरला सगळ्यांच्या हातांची तपासणी. कायम नोकरीतल्या बायकांना भेगा निघाल्या तर दुसऱ्या खात्यात पाठवणार. कंत्राटावरच्यांना घरी.

मेट्रनचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी त्या चादरींवर झोपले आहे.

आत्या दुसऱ्या दिवशीच शिडीला चार वड्या देऊन आली. "नवीन केलाय, कोंड्याच्या तेलाचा, वापर," एवढंच म्हणाली. भाषण नाही. भाषणाशिवाय दिलेली वडी शिडी वापरणार नाही असं मला वाटलं होतं, आणि तसंच झालं. एक ऑगस्टला आणखी वड्या घेऊन आम्ही शिडीच्या घरी गेलो, तर दारातच तिचा नवरा स्कूटर धूत होता. बादलीत आमचीच वडी. स्कूटर फेसाने पांढरी.

"या, आत्या!" तो आनंदाने म्हणाला. "काय साबण आहे हो! ग्रीस एका हातात निघतं. कातडी पण नाही खेचत. अजून आहे का?"

शिडी बाहेर आली आणि आम्हाला बघून तिने हात पाठीमागे नेले.

"पुढे कर," आत्या म्हणाली.

शिडीने हात पुढे केले. दोन्ही अंगठ्यांना सुती चिंध्या बांधलेल्या, तर्जनीच्या पेरावर लाल भेग, आतलं दिसत होतं.

"का नाही वापरलास?"

"आत्या, राग मानू नका. पण तुम्हीच नाही का सांगितलंत, ऑलिव्ह सोडून बाकी सगळं..."

"...कुत्र्याला धुवायला," नवऱ्याने वाक्य पूर्ण केलं. त्यालाही पाठ होतं.

"कुत्रा नाही आमच्याकडे," शिडी म्हणाली. "म्हणून स्कूटर."

आत्या न भांडता वड्यांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून वळली. माझ्या डायरीत त्या तारखेला हे ठळक लिहिलेलं आहे. रस्त्यात ती म्हणाली, "वहिनी, त्या अकरा जणींना मी शिकवलं ते फारच चांगलं शिकवलं गं."

"मग आता उलटं शिकवा."

"सगळ्यांसमोर?"

"शिकवलं होतंत ते काय एकेकीच्या कानात?"

तीन ऑगस्टला, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही धुलाईघरात गेलो. तळघरातली लांब खोली, भिंतींना घाम आलेला, एका बाजूला कपाटाएवढी वाळवणयंत्रं गरगरत होती. बायका मळक्या चादरींच्या गाठोड्यांपासून जरा लांब, धुतलेल्या पिशव्यांवर बसून जेवत होत्या. आत्याला बघून सगळ्या उठल्या. इस्त्रीवर एक तिखट जिभेची बाई आहे, तिला सगळे वाफ म्हणतात. ती म्हणाली, "आत्या, ऑलिव्ह आणलंत का? का नुसत्याच आलात?"

आत्याने बाह्या वर केल्या आणि दोन्ही पंजे टेबलावर ठेवले, तळवे वर. "एक हात ऑलिव्हने धुतलाय आणि एक कोंड्याच्या तेलाने. महिनाभर. कुठला कुठला ते ओळखा."

अकरा बायकांनी तिचे हात बाजारातली वांगी तपासावीत तसे तपासले. दाबले, उलटे केले, उजेडाकडे नेले, एकीने वास घेतला. सहा जणी म्हणाल्या उजवा ऑलिव्हचा. चार म्हणाल्या डावा. शिडी राहिली होती. तिने चिंध्या बांधलेल्या बोटांनी दोन्ही तळवे बराच वेळ चाचपले.

"मला तर दोन्ही सारखेच वाटतात, आत्या," ती ओशाळून म्हणाली.

"तेच सांगायला आलेय ना मी, बाई!" आत्या ओरडली. "उजवा कोंड्याचा!"

"हे काही खरं नाही," वाफ म्हणाली. "तुमची अदलाबदल झाली असणार. या वयात होते."

तेव्हा मी पिशवीतून डायरी काढली आणि एकेरीचं तोंडी अहोजाहो करत वाचायला लागले. "पाच जुलै. डावा: करंगळीच्या मुळाशी सालं. उजवा: तसंच. वन्संनी मोजा उलटा घातला. नऊ जुलै. दोन्ही जरा मऊ. चहात साखर कमी म्हणून वन्संची कटकट. चौदा जुलै. उजवा: करंगळीचं साल गेलं. डावा: जवळजवळ गेलं. वन्सं स्वयंपाकघरात गायल्या, शेजारी विचारायला आले."

"एवढं लिहून ठेवता तुम्ही?" वाफेने विचारलं.

"वहिनीने माझी सगळी पापं लिहून ठेवलीत," आत्या म्हणाली. "ती जाईल तेव्हा आधी तिचं डायऱ्यांचं कपाट जाळीन."

बायका हसल्या, पण वाफ हसली नाही. तिने डबा बंद केला आणि सरळ विचारलं, "मग सात वर्षं तुम्ही आम्हाला काय सांगत होतात? खोबरेल म्हणजे सोलपट, अमुक म्हणजे तमुक? एप्रिलपासून आम्ही कांडीने हात सोलून घेतोय. हे आधी नसतं का करता आलं?"

यंत्रं गरगरत होती. आत्या आपल्या दोन तळव्यांकडे बघत होती. मला वाटलं आता ही उलट भांडेल. भांडणात तिला कोणी हरवलेलं मी पाहिलेलं नाही.

"करता आलं असतं," ती म्हणाली. "माझं चुकलं. मी एकच तेल वापरून बघितलं होतं, बाकीचं तोंडाला येईल ते बोलत होते. आणि फेब्रुवारीत ते टकलं सांगत होतं तेव्हाही ऐकलं नाही."

नवऱ्याकडच्या माणसांच्या तोंडून "माझं चुकलं" मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आमचे हे तर ते शब्द न उच्चारताच गेले.

मग ती शिडीकडे वळली. "अजून सहा आठवडे आहेत. कांडीला हात लावायचा नाही. ही वडी खिशात ठेवायची. कामावर असतील ते मोजे घाल, आणि रात्री झोपताना हेच तेल चोळ. वहिनी रोज येऊन बघेल आणि लिहून ठेवेल."

मला कोणी विचारलं नव्हतं. तरी मी गेले, रोज नाही पण एक दिवसाआड. सुरुवातीला काहीच फरक पडेना. दहाव्या दिवशी तर उजव्या अंगठ्याची भेग पुन्हा उघडली, कारण मोजा फाटला होता आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आत्या वाटेल ते बोलली, मग स्वतःच्या पैशांनी मोज्यांचा अख्खा खोका आणून दिला. ऑगस्ट संपताना तर्जनी मिटली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डावा हात पूर्ण बरा झाला. उजव्या अंगठ्यावर मात्र एक गुलाबी रेघ राहिली. बंद, पण नाजूक. त्या रेघेकडे बघून सगळ्यांचा जीव खालीवर व्हायचा. वाफसुद्धा येता जाता विचारायची, "अंगठा काय म्हणतो?"

पंधरा सप्टेंबरला मेट्रनच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. आमचं तिथे काही काम नव्हतं, आणि तसं आम्हाला दोनदा सांगण्यात आलं. दार अर्धवट उघडं होतं. मेट्रन एकेकीचे हात दिव्याखाली धरून बघत होती. मिशनच्या शाळेत सिस्टर आमची नखं अशीच तपासायच्या, आणि रांगेत माझा नंबर जवळ आला की मला शू लागायची. या वयातही लागली. पण उठून जाणार कशी?

शिडीची पाळी आली. मेट्रनने डावा हात बघितला आणि सोडला. उजवा धरला. अंगठा दोन बोटांत पकडून रेघेच्या दोन्ही बाजूंना ताणला. शिडीने खांदे वर ओढले. आत्याने माझा दंड पकडला, आणि त्याचा वळ मला पुढे चार दिवस पुरला.

रेघ उघडली नाही.

"दुखतं?" मेट्रनने विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नका."

"थोडं."

"बंद आहे. चालेल. कामावर मोजे, आणि डिसेंबरमध्ये परत बघीन." तिने कागदावर खूण केली. "काय लावता हाताला?"

"साबण, मॅडम. तांदळाच्या कोंड्याचा."

"कोंड्याचा?" मेट्रनने मान वर केली. "ऑलिव्ह तेलाचा वापरून बघा. तो सगळ्यांत चांगला म्हणतात."

आत्या बाकावरून अर्धी उठली. मी तिला खाली ओढलं. शिडीने "बरं मॅडम" म्हटलं आणि बाहेर आली. तिने काही सांगायची गरज नव्हती, तरी ती तीनदा म्हणाली, "राहिली आत्या, राहिली नोकरी." आत्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले, आणि नाक जोरात शिंकरलं.

"आता महिन्याला दोन वड्या न्यायच्या," ती म्हणाली. "न विसरता."

"नेईन ना," शिडी म्हणाली. मग डोळे पुसत, "पण आत्या, भाव किती लावणार? तेल निम्म्याहून निम्म्या भावात मिळतं म्हणे. किराणावाला सांगत होता."

"बघितलंस, वहिनी? अजून अंगठा वाळला नाही तोवर घासाघीस सुरू!"

"मग? ऑलिव्हचा भाव ऑलिव्हला. कोंड्याला कोंड्याचा."

"आणि माझी मेहनत? वहिनीचे गुणाकार?"

"ते तर तुम्ही आधीही धरत नव्हतात."

जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून त्या दोघी पाच मिनिटं भांडल्या. शेवटी आत्याने निम्मा भाव कबूल केला, आणि वर स्कूटरसाठी म्हणून नवऱ्याला एक वडी फुकट द्यायचंही मान्य केलं. तेवढ्यात खालून वाळवणयंत्राची घंटा वाजली. शिडी दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. धुलाईघराचं दार जड आहे, स्प्रिंगचं. गेले कित्येक महिने ती ते कोपराने ढकलायची. आज तिने दोन्ही तळवे त्याच्यावर सपाट टेकवले आणि जोर लावला.

"अगं, दार आहे ते," आत्या वरून ओरडली, "कणीक नव्हे!"